काचेपलीकडचा गायक



ज्या संगीतशिक्षकांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो, त्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे गळे तयार केले. त्यांच्या नावाने बोलायचं तर विषयही तसाच हवा, असं मला वाटलं. म्हणून आज एखाद्या मैफल गाजवणाऱ्या कलावंताविषयी बोलणार नाही. स्वतःचं गाणं रंगात आलेलं असताना जो माणूस ध्वनिमुद्रणाच्या खोलीत, काचेच्या पलीकडच्या बाजूला जाऊन बसला आणि पुढची सुमारे तीन दशकं दुसऱ्यांचं गाणं ऐकत राहिला, त्याच्याविषयी बोलणार आहे. जी. एन. जोशी हे त्यांचं नाव.

इथल्या ज्येष्ठांना ते आठवत असेल. तरुण मंडळींनी कदाचित ऐकलंही नसेल. पण जोशींनी ध्वनिमुद्रित करून घेतलेलं संगीत तुमच्यापैकी बहुतेकांच्या कानांवरून गेलेलं आहे, एवढं मी खात्रीने सांगतो.

तर आधी जोशी गायक होते, इथून सुरुवात करू. विदर्भातला हा तरुण कायदा शिकलेला, आणि गळ्यात गाणं असलेला. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांची ‘शीळ’ ही कविता त्यांनी चाल लावून गायली आणि तिसाच्या दशकाच्या आरंभी एच.एम.व्ही.ने तिची तबकडी काढली. मराठी भावगीताचा इतिहास सांगताना त्या तबकडीला वळसा घालून पुढे जाता येत नाही. गंमत पाहा, कवीही वकील आणि गायकही वकिलीच्या वाटेवरचा! ना. घं.चा ‘शीळ’ हा संग्रह यायला 1954 साल उजाडलं. कविता पुस्तकात बसण्याआधी कितीतरी वर्षं घराघरांत गायली जात होती.

तो काळ जरा डोळ्यांपुढे आणा. महाराष्ट्राच्या कानांवर तोवर राज्य होतं नाट्यसंगीताचं. रविकिरण मंडळाचे कवी आपल्या कविता गाऊन दाखवत, पण ते काव्यगायन होतं, त्यात कविता पुढे आणि सूर मागे. 1932मध्ये ‘अयोध्येचा राजा’ आला, बोलपटाने नाटकांचा प्रेक्षक ओढून घ्यायला सुरुवात केली. मुंबईत 1927पासून रेडिओ बोलू लागला होता. अशा वेळी एक नवं गाणं हवं होतं. रंगमंच नको, पात्र नको, कथा नको. एक माणूस, त्याची एक भावना आणि तीन मिनिटं. ही तीन मिनिटं फार महत्त्वाची आहेत. दहा इंची तबकडीच्या एका बाजूवर साधारण तेवढंच मावायचं. भावगीत वाढलं ते या मापातच. तेव्हा जोशी ज्या प्रकारचं गाणं गात होते, त्या गाण्याचा आकारच मुळी यंत्राने ठरवलेला होता. पुढे दुसऱ्यांचं गाणं त्या मापात बसवून देण्याचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा ते माप त्यांनी आधी स्वतःच्या गळ्यावर घेऊन पाहिलेलं होतं.

याच काळातली आणखी एक नोंद मला फार प्रिय आहे. जोशींबरोबर काही मराठी द्वंद्वगीतं गायल्या त्या होत्या गांधारी हनगल. तबकडीवर हेच नाव छापलेलं असे. विशीच्या आसपासच्या या मुलीला पुढे सगळा देश गंगूबाई हनगल म्हणून ओळखू लागला. किराणा घराण्याचा तो भारदस्त, धीरगंभीर आवाज आणि त्याच्या आधीचा हा कोवळा, उंच आवाज. तबकडी नसती तर त्या पहिल्या आवाजाची आठवणही आज कुणाकडे उरली नसती. आणि त्या आवाजाशेजारी, त्याच ध्वनिक्षेपकासमोर, जोशी उभे होते. तरुण कलावंत तबकडीपुढे कसा असतो, त्याचा श्वास कुठे अडतो, कशाने धीर येतो, हे त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं.

आता दुसरा मुद्दा. 1938च्या सुमारास जोशी एच.एम.व्ही.च्या नोकरीत शिरले. गायकाने खुर्ची का स्वीकारावी? लोक ज्याची तबकडी विकत घेतात, त्याने दुसऱ्यांच्या तबकड्यांची व्यवस्था का पाहावी? नोकरीची शाश्वती हे एक उत्तर आहे आणि ते कमी प्रतीचं उत्तर आहे असं मी मानत नाही. पण तेवढंच असतं तर त्यांनी कचेरी सांभाळली असती आणि निवृत्त झाले असते. त्यांच्या हातून जे घडलं, त्यावरून मला दुसरं काही दिसतं. दुसऱ्याचा सूर लागला की ज्याला स्वतः गायल्याइतका आनंद होतो, अशी माणसं थोडी असतात. जोशी त्यांपैकी होते.

हे काम नेमकं काय होतं, ते थोडं तपशिलात सांगतो, कारण आज ते जवळजवळ विसरलं गेलं आहे.

त्या दिवसांत ध्वनिमुद्रण मेणाच्या जाड तबकडीवर होई. गवई गातो आहे आणि सुई मेणात चर कोरते आहे. आता झालेलं ऐकून पाहू, असं म्हणायची सोय नाही. मेणाची तबकडी वाजवली की चर बिघडले, मूळ मुद्रण वाया गेलं. म्हणजे गाणं चांगलं झालं की पुन्हा घ्यायचं, हा निर्णय गाणं चालू असतानाच, केवळ कानाच्या भरवशावर घ्यायचा. कुणी घ्यायचा? गाणाऱ्याला स्वतःचं गाणं त्या क्षणी पुरतं ऐकू येत नसतं. तबलजी ठेक्यात गुंतलेला. यंत्रापाशी बसलेला तंत्रज्ञ सुईकडे पाहतो आहे. उरला एकच माणूस, काचेपलीकडचा. त्याने चेहरा थोडा पाडला तरी गवयाचा सूर हलायचा, इतकं ते नाजूक काम.

आणि हे गवई कोण होते? रात्र-रात्र एक राग मांडणारे. विलंबित ख्यालाची पहिली दोन आवर्तनं होईपर्यंतच तबकडी संपायची. त्यांना सांगायचं, “खाँसाहेब, सव्वातीन मिनिटांत यमन द्या.” हे सांगणाऱ्याला राग कळत नसेल तर तो अपमान ठरेल. कळत असेल तर तोच माणूस पुढे म्हणू शकतो, “विलंबित सोडू या, मध्यलयीतली चीज घेऊ, पहिल्याच आलापात रागाचं अंग दिसू दे, तान शेवटच्या मिनिटात एकच, पण अशी की ऐकणाऱ्याला घरी जाऊन आठवावी.” असं बोलायला गाणाऱ्याचंच तोंड हवं. निव्वळ व्यापारी हे बोलू शकत नाही, निव्वळ तंत्रज्ञही नाही.

तीन मिनिटांत शास्त्रीय संगीताचा जीव गेला, अशी तक्रार आपण अनेकदा ऐकतो. ती खोटी नाही. पण दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटीतली ठुमरी तबकडीवरून गदगमधल्या एका मुलाच्या कानी पडली आणि असं गाता आलं पाहिजे म्हणून तो मुलगा अकराव्या वर्षी घर सोडून निघाला. त्याचं नाव भीमसेन जोशी. बेळगावजवळच्या सुळेभावीचा एक लहान मुलगा मोठमोठ्या गवयांच्या तबकड्या ऐकून त्या जशाच्या तशा गाऊन दाखवायचा. ते कुमार गंधर्व. तबकडीने गुरूची जागा घेतली असं मी म्हणणार नाही. पण गुरूचा शोध कुठे घ्यायचा, ही दिशा तिने हजारो मुलांना दाखवली. मग त्या सव्वातीन मिनिटांत काय जावं, हे ठरवणाऱ्या माणसाची जबाबदारी किती मोठी होती! तो फक्त आजच्या गवयाला सांभाळत नव्हता, उद्या घर सोडून निघणाऱ्या मुलाच्या कानात काय पडेल तेही ठरवत होता.

पन्नासच्या दशकात ध्वनिफीत आली, पाठोपाठ एल.पी. आली. एका बाजूला वीस मिनिटं! गवयांना श्वास घ्यायला जागा मिळाली. 1960मध्ये आलेली उस्ताद अमीर खाँ यांची एल.पी. आठवा, एका बाजूला मारवा, दुसऱ्या बाजूला दरबारी. ती आजही समोर ठेवून विद्यार्थी अभ्यास करतात. अशा ज्येष्ठांची मनं वळवून त्यांना ध्वनिक्षेपकासमोर आणणं हे जोशींच्या कामातलं एक मोठं अंग. बडे गुलाम अली खाँ, बेगम अख्तर, केसरबाई केरकर अशा प्रत्येकाचा मान, प्रत्येकाची नाराजी, प्रत्येकाची वेळ. ‘डाउन मेलडी लेन’ या 1984मध्ये आलेल्या इंग्रजी पुस्तकात आणि मराठीत ‘स्वरगंगेच्या तीरी’मध्ये जोशींनी या आठवणी स्वतः लिहिल्या आहेत. त्या मी इथे पुन्हा सांगत नाही. ज्यांनी वाचल्या नसतील त्यांनी जरूर वाचाव्यात.

ज्येष्ठांची कीर्ती तबकडीच्या आधीच झालेली होती. मला अधिक ओढ वाटते ती तरुणांची. आणि इथे मी जरा थांबणार आहे.

1967 साल धरा. तीन तरुण वादक. तिघेही तिशीच्या उंबरठ्यावर. पहिला जम्मूचा शिवकुमार शर्मा. हातात संतूर. हे वाद्य काश्मीरच्या सूफियाना संगीतातलं. 1955मध्ये, वयाच्या सतराव्या वर्षी, मुंबईच्या हरिदास संगीत संमेलनात त्याने ते वाजवलं. त्याच वर्षी शांतारामबापूंच्या ‘झनक झनक पायल बाजे’मध्येही वसंत देसाईंनी त्याच्या संतूरला जागा दिली. पण जाणकारांचं म्हणणं काय होतं? यावर मींड निघत नाही. सूर धरून ठेवता येत नाही. नुसता टणत्कार. हे वाद्य रागसंगीताचं नव्हेच. म्हणणारे अडाणी नव्हते, त्यांच्या आक्षेपात तथ्य होतं. शिवकुमारांनी तारा बदलल्या, जुळवणी बदलली, वाद्य मांडीवर घेतलं, आणि काठीच्या हलक्या घसरत्या स्पर्शातून सूर लांबवण्याची रीत वर्षानुवर्षं शोधली.

दुसरा जोधपूरचा ब्रिजभूषण काब्रा. हाती गिटार! आडवी मांडीवर ठेवलेली, तारेवरून पोलादी कांडी सरकवत वाजवायची. अली अकबर खाँसाहेबांचा शिष्य, तालीम अस्सल. पण वाद्य परदेशी. तिसरा अलाहाबादचा हरिप्रसाद चौरसिया. वडील पहिलवान, मुलाच्या हाती बासरी. कटकच्या आकाशवाणीत नोकरी करून मुंबईला आलेला आणि सिनेमाच्या ध्वनिमुद्रणात वाजवणारा. बासरीला पन्नालाल घोषांनी मैफलीत आणलं होतं, पण ते 1960मध्येच गेले.

आता विचार करा. तुम्ही कंपनीच्या खुर्चीत आहात. दाराबाहेर एकाहून एक नामवंत उस्ताद उभे आहेत. अशा वेळी एक काश्मिरी संतूर, एक गिटार आणि एक बासरी यांच्यावर अख्खी एल.पी. कोण खर्च करील? खपाच्या दृष्टीने धोका, प्रतिष्ठेच्या दृष्टीने त्याहून मोठा धोका. जोशी त्या एल.पी.चे निर्माते झाले. ‘कॉल ऑफ द व्हॅली’ हे तिचं नाव. काश्मीरच्या खोऱ्यातल्या एका मेंढपाळाचा दिवस, पहाटेपासून रात्रीपर्यंत. पहाटेला अहिर भैरव आणि नट भैरव, मग पिलू, सांजवेळी झपतालात भूप, पुढे देस आणि अखेर पहाडी. तबल्यावर माणिकराव पोपटकर.

या रचनेत शहाणपण कुठे आहे? तीन तरुणांना स्वतंत्रपणे ज्येष्ठांच्या रांगेत बसवलं असतं तर लोकांनी तुलनाच केली असती. संतूरला सतारीशी तोललं असतं, गिटारीला सरोदाशी. इथे तसं झालं नाही. कथा अशी की जिथे संतूरचा टणत्कार हा दोष उरतच नाही, तो खोऱ्यातल्या पाण्याचा आवाज होतो. बासरी मेंढपाळाचीच. काल ज्या गोष्टीला जाणकार उणेपणा म्हणत होते, तीच इथे गरजेची ठरली. तरुण कलावंत घडवणं म्हणजे काय, याचं याहून चांगलं उदाहरण मला माहीत नाही. त्यात कुणी त्यांना वाद्य शिकवलं नाही, ते आपापल्या गुरूंकडे आणि स्वतःच्या रियाजात शिकलेलेच होते. त्यांना हवी होती एक चौकट, जिच्यात त्यांचं वेगळेपण निभावून जाईल. कल्पनेत कुणाचा वाटा किती, हा हिशेब मी मांडत नाही. चार वादक आणि एक निर्माता एका खोलीत बसले की असे हिशेब नीट निघत नाहीत. पण होकार जोशींचा होता, आणि तो होकार नसता तर ही एल.पी. नसती.

पुढचं तुम्ही जाणता. ती तबकडी भारतात घरोघरी गेली, पश्चिमेतही गेली, पुढे कॉम्पॅक्ट डिस्कवर आली. संतूर आज रागसंगीताच्या मंचावर निःशंकपणे बसतं. शिव-हरी या जोडीने 1981च्या ‘सिलसिला’ला संगीत दिलं. हरिजींनी पुढे मुंबईत आणि भुवनेश्वरला गुरुकुलं उभारली.

याच वाटेवरचं आणखी एक नाव ओझरतं घेतो, कारण ते आपल्या भावगीताशी जोडलेलं आहे. श्रीनिवास खळे बडोद्याहून आले आणि संगीतकार झाले. इंदूरला वाढलेल्या, उर्दू गझलेत रमलेल्या अरुण दाते यांचा आवाज त्यांनी आणि मंगेश पाडगांवकरांच्या शब्दांनी ‘शुक्रतारा’ या गाण्यात आणला, साठीच्या दशकाच्या सुरुवातीला. पुढे शंकर महादेवन यांच्यासारखे गायकही खळेकाकांच्या हाताखालून गेले. खळ्यांच्या चाली अवघड, असं गायक म्हणतात. अवघड असूनही तरुण गायक त्या पेलतात याचं कारण मला एकच दिसतं: चाल शिकवणारा माणूस स्वतः ती गाऊन दाखवू शकत होता.

आता एक गोष्ट टाळता येणार नाही. काचेपलीकडचा हा माणूस कंपनीचा अधिकारी होता. पगार कंपनीचा. गाणाऱ्याला किती मिळायचं, तबकडी किती खपली, हक्क कुणाचे, या प्रश्नांवर तो कलावंताच्या बाजूने कितपत उभा राहू शकत होता? त्या काळात कित्येक कलावंतांनी एकरकमी बिदागी घेतली आणि पुढे वर्षानुवर्षं कंपनीने त्या तबकड्या विकल्या. साठच्या दशकात लताबाईंनी स्वामित्वधनाचा प्रश्न उभा केला तेव्हा केवढं वादळ झालं! महंमद रफींशीही काही काळ अबोला धरण्यापर्यंत गोष्ट गेली. कायद्याने कलावंताच्या या हक्काला ठोस आधार दिला तो 2012च्या दुरुस्तीने, आणि 2013मध्ये गायकांची हक्कसंस्था उभी राहिली. म्हणजे जोशींच्या पिढीने तरुणाचा सूर सांभाळला, पण त्याच्या कमाईची बाजू मोकळीच राहिली. त्यांना दोष देण्यासाठी मी हे सांगत नाही. आज तरुण कलावंताला हाताशी धरणाऱ्या कुणीही करार वाचायलाही शिकवलं पाहिजे, आणि ते सुराइतक्याच आस्थेने, यासाठी सांगतो आहे.

आणि आज म्हणजे काय चित्र आहे? सोळा वर्षांच्या मुलीकडे भ्रमणध्वनी आहे, एक बऱ्यापैकी माइक आहे, घरातली एक खोली आहे. दुपारी गायलेलं गाणं संध्याकाळी जगभर जातं. मेणाच्या तबकडीची भीती नाही. शंभर वेळा गा, शंभरांतलं एक निवडा, सूर किंचित घसरला असेल तर संगणक तो जागेवर आणतो. किती मोठं स्वातंत्र्य आहे हे! मी त्याचं मनापासून स्वागत करतो. कुठल्याही अधिकाऱ्याच्या होकाराशिवाय गावाकडची मुलगी आज गाऊ शकते. जोशींच्या काळात हे अशक्य होतं, आणि किती आवाज त्या होकाराविना विरून गेले असतील, याचा विचार केला की जीव कासावीस होतो.

पण त्या शंभरांतलं एक निवडायचं कुणी? मुलगी एकटीच निवडते. काय निवडते? जे सर्वांत निर्दोष आहे ते. चुकलेला सूर ऐकू येतो, त्यामुळे चूक नसलेलं गाणं तिला चांगलं वाटतं. पण ज्या एका घेण्यात सूर कणभर हलला आणि शब्दाचा अर्थ मात्र उघडला, ते घेणं ती बाजूला टाकते. तिला थांबवून कुणी सांगत नाही, “अगं, हेच ठेव.” संगणक हे सांगू शकत नाही. आवडीचे आकडेही सांगत नाहीत. ते गाणं बाहेर गेल्यावर येतात, आणि तेव्हा निवड झालेली असते. जुन्या खोलीत माणूस होता आणि सोयी नव्हत्या. आज सोयी आहेत.

म्हणून माझं बोलणं या सभागृहातल्या गाणाऱ्या आणि वाजवणाऱ्या मंडळींसाठी आहे. वयाच्या पन्नाशी-साठीला आवाजाचा पल्ला आखडतो, हात थोडा जड होतो, आमंत्रणं कमी होतात. अनेकांना त्या वेळी आपलं संगीत संपलं असं वाटतं. ते संपलेलं नसतं. चाळीस वर्षांच्या मैफलींनी तयार झालेला कान त्याच वेळी सर्वांत तीक्ष्ण असतो, आणि तो घेऊन लोक घरी बसतात. शिकवण्या घेणं चांगलंच आहे, पण मी शिकवणीविषयी बोलत नाही. ध्वनिमुद्रणाच्या वेळी समोर बसणं हे वेगळं काम आहे. तिथे राग शिकवायचा नसतो. पट्टी अर्ध्या सुराने खाली घे, हा ठेका या शब्दांना जड होतोय, तानपुरा इतका पुढे नको, आता दहा मिनिटं बाहेर जाऊन ये, पाणी पी, मग शेवटचं एकदा गा: एवढंच बोलायचं असतं. आणि योग्य वेळी गप्प बसायचं असतं.

संयोजकांशी मी याबद्दल बोललो आहे. शहरातल्या तरुण गायक-वादकांना आपलं ध्वनिमुद्रण घेऊन एखाद्या ज्येष्ठ कलावंतासमोर बसता यावं, यासाठी महिन्यातून एक दुपार याच वास्तूतली मागची खोली मोकळी ठेवायला ते तयार आहेत. ज्यांना त्या खोलीत कान द्यायला यायचं असेल, त्यांनी कार्यक्रम संपल्यावर दाराशी ठेवलेल्या वहीत आपलं नाव, वाद्य किंवा गायनप्रकार आणि सोयीचा वार लिहून जावं. तरुणांसाठी दुसरी वही आहे. मीही तिथेच उभा असेन.